खाडा

गुढीपाडव्याच्या सकाळी आमच्या गावात दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. मालकांच्या वाड्यावर गुढी उभी राहायची आणि त्याच वाड्याच्या ओसरीवर सालगड्यांचा हिशोब व्हायचा. माझे अब्बा कळमनुरी तालुक्यातल्या त्या गावात सालगडी होते. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला ते सुटायचं. मोबदला आधी ठरलेला असे: काही रोख रक्कम, काही ज्वारी, कपड्यांचा एक जोड, चपला आणि एक घोंगडी. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. अब्बांसोबत मीही ओसरीच्या पायरीवर जाऊन बसायचो.

मालकांकडे लाल कापडाच्या बांधणीची वही होती. त्या वर्षी त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाले, "सालात बत्तीस खाडे." अब्बांनी मान हलवली. बत्तीस दिवसांचे पैसे कापले गेले, घेतलेली उचल वजा झाली, उरलेले पैसे अब्बांनी धोतराच्या सोग्याला बांधले आणि वहीत अंगठा दिला.

घरी अम्मीचा वेगळा हिशोब होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. अब्बा ज्या दिवशी कामावर जात नसत, त्या दिवशी ती डालड्याच्या रिकाम्या डब्यात एक चिंचोका टाकायची. तिने डबा जमिनीवर पालथा केला आणि मला मोजायला लावलं. एकोणीस चिंचोके निघाले.

"मेरे डब्बे में तो उन्नीस है," अम्मी म्हणाली.

"उनके वही में बत्तीस लिख्या है," अब्बा म्हणाले. "लिख्या सो लिख्या."

तेरा खाड्यांचं हे कोडं मला पुढे बऱ्याच वर्षांनी सुटलं. पेरणी आणि काढणीच्या दिवसांत एक खाडा दोन म्हणून मांडायची मालकांची रीत होती. तसे अकरा दिवस होते. उरलेले दोन खाडे रमजान ईद आणि बकरी ईदचे. पोळ्याची सुट्टी खाड्यात धरत नसत, ईदची धरत. अम्मीने ईदचा चिंचोका टाकलाच नव्हता. सणाच्या दिवसालाही खाडा म्हणतात हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. एकोणीस, अकरा आणि दोन. बेरीज बरोबर बत्तीस येते. वहीत चूक नव्हती. वही ज्या नियमाने लिहिली गेली, तो नियम अब्बांना कुणी कधी विचारला नव्हता, एवढंच.

मालक दुष्ट नव्हते, हेही सांगायला हवं. अब्बांना ताप चढला तेव्हा त्यांनीच बैलगाडी जुंपून हिंगोलीच्या दवाखान्यात पोचवलं होतं. म्हणूनच या गोष्टीचा विचार एखाद्या माणसाच्या चांगुलपणाच्या मापाने करून चालत नाही. मजुरीतून पैसे कापायचा अधिकार कोणाचा, आणि त्याचा हिशोब कोणाच्या हातात, हा प्रश्न जुना आहे. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासातही हाच शब्द भेटतो. खाडा.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा 'डबल खाडा' हे शब्द वाचून मी थबकलो. कोकणातून आणि घाटावरून गेलेल्या मजुरांनी गैरहजेरीचा आपला गावाकडचा शब्द गिरणीत नेला होता, आणि गिरणीने त्याचा दर दुप्पट केला होता. एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांची मजुरी कापायची. आमच्या मालकांनी गिरणीचं तोंडही पाहिलं नव्हतं. तरी रीत तीच.

गिरणीत कापायच्या वाटा बऱ्याच होत्या. उशिरा आला, दंड. उलट बोलला, दंड. नोटीस न देता काम सोडलं तर गिरणीकडे अडकलेला पगार बुडाला. आणि पगार अडकलेला असायचाच, कारण एका महिन्याची मजुरी पुढच्या महिन्याचा अर्धा उलटला तरी हातात पडत नसे. तोवर किराणा उधारीवर आणि उधारी व्याजावर. कामावर घेणारा जॉबर आपली दस्तुरी वेगळी काढायचा. विणकरांचा छळ आणखी निराळा होता. कापडात दोष निघाला की ते कापड विणकराच्याच गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून वळती करायची. दोष सुताचा, मागाचा की माणसाचा, हे ठरवणारा माणूसही गिरणीचाच. मदनपुऱ्यात राहणारे मोमीन विणकर, ज्यांचे पूर्वज उत्तरेकडे हातमागावर कापड विणत आले होते, ते मोठ्या संख्येने याच खात्यात होते. पिढ्यान्‌पिढ्या कापड विणणाऱ्या माणसाला त्याचंच कापड नासकं म्हणून विकत घ्यायला लावायचं, यात पैशाइतकाच अपमानही होता.

या व्यवहाराला पहिलं संघटित उत्तर दिलं नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे चालक. १८८४ साली त्यांनी 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन' स्थापन केली. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मुंबईत कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-अंगठ्यांचं निवेदन तयार झालं. मागण्या पाच होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. रविवारच्या सुट्टीसाठी लोखंड्यांचं नाव आज घेतलं जातं. ती सुट्टी १८९० साली मिळाली. पगाराच्या तारखेची मागणी मात्र आपण विसरतो. तिचा अर्थ साधा होता: माझी मजुरी तुमच्याकडे ओलीस राहू नये.

ही मागणी त्या काळाच्या पुढची होती असंही नाही. खुद्द इंग्लंडात १८३१ च्या कायद्याने मजुरी नाण्यांतच द्यायची सक्ती झाली होती. १८९६ मध्ये तिथे दंड आणि खराब मालाच्या कपातीवर बंधनंही आली. राज्य एकच, पण इंग्लंडातल्या कायद्याने जे दिलं ते परळच्या विणकराला मिळायला आणखी चाळीस वर्षं जावी लागली.

त्या चाळीस वर्षांत बरंच घडलं. १९२८ साली मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. मजुरी-कपातीइतकाच मालकांच्या नियमावलीचाही प्रश्न त्या संपात होता, आणि चौकशीसाठी फॉसेट समिती नेमावी लागली. १९२९ मध्ये व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीवर रॉयल कमिशन बसलं. त्यात कामगारांच्या बाजूने ना. म. जोशी होते, रायगडातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे. कमिशनचा अहवाल १९३१ ला आला आणि त्यातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा झाला. तो २८ मार्च १९३७ पासून लागू झाला.

हा कायदा वाचताना मला शिक्षक म्हणून समाधान वाटतं, कारण त्यात गणित आहे. दंड किती घ्यावा? रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नाही. रुपयाचे सोळा आणे, म्हणजे बत्तिसावा हिस्सा. पुढे दशमान नाणी आली आणि हीच मर्यादा शेकडा तीन झाली. दंड कोणत्या चुकीसाठी, याची यादी आधी मंजूर करून कामाच्या जागी लावायची. दंड करण्याआधी मजुराचं म्हणणं ऐकायचं. पंधरा वर्षांखालच्या मुलाला दंड नाही. प्रत्येक दंड नोंदवहीत लिहायचा, आणि गोळा झालेला पैसा मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्याच हिताला लावायचा. ही शेवटची अट फार शहाणपणाची आहे. दंडातून मालकाला कमाई होणार नसेल तर दंड करायची हौस आपोआप कमी होते.

खाड्याबद्दल कायद्याने सांगितलं, जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच वेळाची मजुरी कापता येईल. एका वाक्यात डबल खाडा बेकायदा झाला. फक्त एक अपवाद ठेवला: दहा किंवा जास्त माणसं संगनमताने, सूचना न देता गैरहजर राहिली तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापता येते. एकट्याच्या खाड्यापेक्षा दहा जणांच्या एकत्र खाड्याची सरकारला किती भीती होती, ते यातून कळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम शेवटाकडे आहे. या कायद्याने दिलेला हक्क सोडून देतो असा करार मजुराने केला, तर तो करारच रद्द समजावा. म्हणजे मजुराची सही घेतली, अंगठा घेतला, तरी बेकायदा कपात कायदेशीर होत नाही. कायदा लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की पोट हातावर असलेल्या माणसाचा अंगठा ही त्याची रजामंदी नसते.

मग हा कायदा अब्बांच्या कामी का आला नाही? दोन कारणं. १९३७ मध्ये हिंगोली निजामाच्या हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. ब्रिटिश इंडियाचा कायदा सरहद्दीवरच थांबायचा. पण १९४८ नंतर ती सरहद्द गेली, १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही अब्बांपर्यंत तो पोचला नाही, कारण दुसरं कारण मोठं होतं. तो मुळात कारखाने आणि रेल्वेसाठी होता. पुढे त्याचा विस्तार झाला, पण पाडव्याचं तोंडी साल, ओसरी आणि लाल वही त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

सालगडी आता कमी झाले. खाडा मात्र गेला नाही. तो उसाच्या फडात जाऊन बसला. आमच्या जिल्ह्यातल्या तांड्यांवरून, वाड्या-वस्त्यांवरून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, आणि सहा महिने तोडलेल्या उसाच्या टनांमधून ती फेडायची. एक दिवस कोयता फडात गेला नाही तर खाडा पडतो, आणि तो पाचशे-हजार रुपयेही असतो. त्या दिवशीची मजुरी तर मिळत नाहीच, वर हा दंड. १९३७ मध्ये कागदावर मेलेला डबल खाडा हाच.

त्याची किंमत कुठवर जाते हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या तपासणीची माहिती आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. या शस्त्रक्रियांमागे कारणं अनेक होती, खाजगी दवाखान्यांनी दाखवलेली भीतीही होती. पण पाळीच्या दिवसांत काम बुडतं आणि काम बुडलं की खाडा पडतो, हे बायकांनी पुन्हापुन्हा सांगितलं. पगारातली कपात शरीरातल्या कपातीपर्यंत पोचते, यापेक्षा आणखी काय सांगायचं?

मागे एका एप्रिलमध्ये माझ्या वर्गातली एक मुलगी फडावरून परतली. सातवीतली. तिने गणिताची वही माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, बुडालेला अभ्यास दाखवते आहे. उघडून बघतो तर तारीखवार टन लिहिलेले, आणि समास आखून त्यात खाडे. आईचा ताप, बैलाचा पाय, पाऊस. पावसाचे दिवस तिने वेगळे काढले होते. एकूण नऊ. मुकादमाच्या वहीत चौदा होते आणि उचल फिटली नाही म्हणून पुढच्या वर्षीचं जाणं पक्कं झालं होतं. बाप दाराशी उभा होता. "सर, पोरीचा हिशोब बरोबर आहे का तेवढं बघा."

मी बेरीज तपासली. बरोबर होती. पण त्या माणसाला नजर देताना मला माझीच एक सही आठवत होती.

बी.एड. झाल्यावर मी काही वर्षं एका विनाअनुदानित शाळेत शिकवलं. पगाराच्या दिवशी रजिस्टरवर एका आकड्यापुढे सही करायची आणि हातात त्याच्या निम्म्याहून कमी पैसे घ्यायचे. मधले पैसे कुठे गेले हे विचारायचं नाही. विचारलं तर उत्तर तयार असे: ही कौमची खिदमत आहे, शाळा उभी राहू द्या, सगळ्यांचंच भलं होईल. मी तीन वर्षं सही केली. एका तरुण सहकाऱ्याने मात्र स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "जेवढे मिळतात तेवढ्यावरच सही केली तर?" आम्ही सगळे वह्या तपासण्यात गढून गेलो. पुढच्या जूनमध्ये त्याला बोलावणं आलं नाही. त्याच्या बाजूने मी एक शब्द बोललो नाही. अब्बांना वाचता येत नव्हतं म्हणून त्यांनी अंगठा दिला. मला दोन लिप्या वाचता येत होत्या. मी दोन्हींत सही करू शकत होतो, आणि केली.

मी रजामंद होतो का? या प्रश्नाचं उत्तर मला सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात सापडलं. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत बांधकामं चालू होती. मजुरांचं किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होतं. ठेकेदार ते पैसे जमादाराकडे द्यायचे, जमादार त्यातला एक रुपया कमिशन म्हणून काढून घ्यायचा आणि मजुराला सव्वाआठ मिळायचे. मजूर तक्रार करत नव्हते, कामावर येत होते. म्हणजे त्यांना मान्य होतं? न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने सप्टेंबर १९८२ मध्ये सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने मनाई केलेली सक्तीची मजुरी आहे. बळजबरी फक्त काठीची नसते. भुकेची आणि पर्याय नसल्याचीही असते.

अलीकडचं उदाहरण केरळचं. २०१८ च्या महापुरानंतर तिथल्या सरकारने कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार मदतनिधीला द्यायला सांगितलं. काम पुण्याचंच होतं. पण अट अशी होती की ज्याला द्यायचा नाही त्याने तसं लिहून द्यावं. जो गप्प राहील त्याची संमती धरली जाईल. केरळ उच्च न्यायालयाने या अटीला स्थगिती दिली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. पगार ज्याचा, त्याचा होकार मागावा लागतो. त्याच्या गप्प राहण्यातून तो काढून घेता येत नाही.

आपल्यासाठी यात नवं काही नसायला हवं होतं. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस मुसलमानाच्या पोराला मकतबमध्येच कळते. तकरीरींत ती आपण दरवर्षी ऐकतो. पण ऐकताना आपलं लक्ष 'आधी' या शब्दावर जातं, 'त्याची' या शब्दावर जात नाही. काम पुरं करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, असंही बुखारीतल्या हदीसमध्ये आलं आहे. फिकहच्या किताबांत इजाऱ्याची पहिली अट अशी की उजरत दोन्ही पक्षांना आधी नेमकी माहीत असावी. आणि सूरह कससमध्ये हजरत मूसा मदयनला चाकरी धरतात तो प्रसंग पाहा. मुदत आठ वर्षांची ठरते. दहा करायची की नाही, ती वरची दोन वर्षं चाकरी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली असतात. कौमच्या खिदमतीच्या नावाखाली दुसऱ्याच्या पगारातून परस्पर चंदा कापणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा सावकाश वाचावा. खिदमत आपल्या खिशातून होते.

मग उपाय काय? इतिहास चाळताना मला एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. नुसता दर ठरवून भागलं असं फारसं दिसत नाही. हिशोबाची वही मालकाच्या हातातून निघाली तिथे फरक पडला. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला, त्याची युक्ती हीच होती. आधी टोळीवाला व्यापाऱ्याकडून पैसे घ्यायचा, आपला हिस्सा काढायचा आणि उरलेले हमालांना वाटायचा. कायद्याने मधे मंडळ आणलं. व्यापाऱ्याने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती हमालाला द्यायची. हमालाच्या पाठीवरचं पोतं तेवढंच जड राहिलं, पण त्याच्या पैशाला वाटेत फुटणारे हात कमी झाले. अनुदानित शाळांच्या शिक्षकांचा पगार थेट बँकेत जमा होऊ लागला, त्यामागेही हाच अनुभव होता. सहीचा आकडा आणि खात्यातला आकडा एक झाला. तरीही खात्यातून काढून रोख आणून द्या म्हणणारे आहेत, हे मला माहीत आहे. पण त्यासाठी त्यांना आता तोंडाने मागावं लागतं. मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणता येतं. परस्पर कापलेल्याला म्हणता येत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९३६ च्या त्या कायद्याची जागा वेतन संहितेने घेतली. संहिता २०१९ चीच, लागू व्हायला सहा वर्षं लागली. शेकडा तीनची दंडमर्यादा तिच्यात आहे. एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त नको, पगाराची पावती द्यावी, तीन वर्षांपर्यंत दावा करता यावा, बेकायदा कपातीवर दहा पटींपर्यंत भरपाई मिळावी, हेही आहे. दहा जणांच्या संगनमताचं ते आठ दिवसांचं कलमही तसंच आहे. मोठा बदल असा की ही संहिता एखाद्या धंद्यापुरती नाही. शेतमजूरही तिच्यात येतो, आणि मालक या शब्दात ठेकेदारही येतो. फडावर मालक कोण, मुकादम की कारखाना, यावर वाद होतीलच. तो वाद करायला आता निदान जागा आहे.

वाचता वाचता मी दोन कलमांवर थांबलो. पहिलं असं की शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाच किंवा कमी माणसं ठेवणाऱ्याला नोंदवही आणि पावतीच्या अटीतून सूट आहे. अधिकाऱ्याने मागितलं तर मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखवला की झालं. आमच्या मालकांकडे तीन सालगडी होते. म्हणजे अब्बा आज सालावर असते तरी त्यांना पावती मिळाली नसती. लाल वही ओसरीवरच राहिली असती.

दुसरं कलम मात्र मी दोनदा वाचलं. मजुरी दिली नाही किंवा बेकायदा कापली असा दावा आला, तर ती दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. बत्तीस खाडे कसे झाले ते वहीवाल्याने सांगायचं. एकोणीसच का, हे डब्यावालीने नाही.

ही गोष्ट मी त्या मुलीच्या बापाला समजावून सांगितली. कोर्टकचेरी त्याला परवडणारी नाही, हे तोही जाणतो आणि मीही. पण तो मुकादमाकडे वही घेऊन गेला आणि चौदा खाड्यांच्या तारखा विचारल्या. मुकादमाने नऊ सांगितल्या. उरलेल्या पाच पावसाच्या निघाल्या. त्यातले तीन खाडे मुकादमाने सोडले, दोन सोडले नाहीत. उचल तरीही पूर्ण फिटली नाही. दसऱ्याला ते पुन्हा गेले.

या वेळी जाताना मुलीने माझ्याकडे नवी वही मागितली. मी तिला दोनशे पानी दिली आणि पहिल्या पानावर रकाने आखून दिले: तारीख, टन, खाडा, खाड्याचं कारण. शेवटी एक रकाना मोकळा ठेवला. "यात काय लिहू, सर?" तिने विचारलं.

"कापायच्या आधी विचारलं का, ते," मी म्हणालो.